सुबक अक्षर

३ मार्च

धाकट्या,

बिट्टी माझ्याकडे सुखरूप आहे. कालपासून तिनं तीनदा विचारलं, "बाबा उठला का?" मी सांगितलं, उठेल. यापुढचं तूच सांग तिला. मला लहान मुलांशी खोटं बोलता येत नाही.

काय झालं ते एकदा कागदावर लिहून ठेवते, म्हणजे नंतर तुला ते वेगळं आठवायला नको. शाळा साडेतीनला सुटली. आणायला तू जाणार होतास. पाच वाजता मी फोन केला तेव्हा तू गोड आवाजात म्हणालास, "बिट्टी इथंच आहे गं, अभ्यास करतेय, डोकं वर काढत नाही." त्या वेळी पोरगी शाळेच्या पायरीवर मांडीवर दप्तर घेऊन बसली होती आणि तू वर्कशॉपला आतून कडी लावून आडवा झाला होतास. शेवटी शाळेच्या वॉचमननं मला कळवलं. मी पोचले तेव्हा ती त्याच्या खुर्चीत बसून त्याच्याच डब्यातलं खात होती. नऊ वर्षांची पोर मला म्हणते, "आत्या, बाबाला रागावू नकोस हं, दमला असेल."

तिची आई गेल्यापासून तू पितोस, असं तू म्हणतोस. मला माहीत आहे की त्याच्या आधीपासून पितोस. तो वाद आता पुरे.

आजपासून फोन बंद. फोनवर तू मला सहा वर्षं बनवलंस. आवाज तुला हवा तसा लावता येतो. तू मला पत्रं लिहायची, हातानं, शाईनं. तीस वर्षं मी पहिलीच्या मुलांची अक्षरं तपासली. कोण उपाशी आलंय आणि कोण मार खाऊन आलंय ते मला वहीत दिसायचं. तू तर पाट्या रंगवणारा. तुझा हात जरा जरी हलला तरी मला कळेल.

सोबत कागद जोडला आहे. दारू सोडणाऱ्यांच्या तुमच्याकडच्या पाच मीटिंगा आहेत, दवाखान्याच्या फलकावरून उतरवून घेतल्या. प्रत्येकीचा वार, वेळ, पत्ता लिहिलाय. त्यातली एक निवड आणि तिथे जाऊन बस. तीन महिने नीट गेले तर ९ जूनला तिच्या वाढदिवसाला ये. नाही गेले तर मी तिचे शाळेचे कागद इकडे करून घेईन, आणि मग ती इथलीच.

ताई

१९ मार्च

प्रिय ताई,

पत्र वाचून मान खाली गेली ती अजून वर आलेली नाही. पायरीचं आठवतंय असं लिहिणार होतो. आठवत नाही. पाच वाजता तुझ्याशी बोललो हेही आठवत नाही.

तुझा कागद खिशात घालून फिरतोय. सोमवारची मीटिंग दवाखान्याच्या तळघरात, बॉयलरच्या भिंतीला लागून. सगळ्यांनाच घाम, त्यामुळे कोण नवा आणि कोण जुना ते कळत नाही. एक डॉक्टर यकृताचं चित्र दाखवतात. ते कुणी रंगवलंय देव जाणे, माझं सगळं लक्ष त्या भयंकर जांभळ्या रंगाकडे. मंगळवारची वाचनालयाच्या माडीवर. वकील, बँकेतले साहेब, खुर्च्यांना गाद्या. मी काय करतो ते सांगितल्यावर एकजण म्हणाले, आमच्या मीटिंगची एक छानशी पाटी करून द्या ना. अगं, कुणाला कळू नये म्हणून जी भरवायची तिची पाटी!

गुरुवारी छापखान्यामागे गेलो तर पहिल्या रांगेत चपलांच्या दुकानाचे मालक, ज्यांची नवी पाटी मी करणार आहे तेच. दोघांनी एकमेकांना बघितलं आणि दोघंही म्हणालो, पत्ता चुकला वाटतं.

शुक्रवारची माझ्यासाठी नाही. तिथे नुसते रडतात. एकजण सांगत होता, त्याची मुलगी त्याला लांबून बघून रस्ता ओलांडते. मी मध्येच उठलो.

शनिवारची राहिली आहे. पण काळजी करू नकोस, सोळा दिवस झाले, थेंब नाही. अक्षर बघ. खाली रेघ आखलेली नाही.

बिट्टीला सांग, तिच्या वाढदिवसाला तिच्या नावाची पाटी करतोय. पिवळ्यावर निळं.

तुझा,
धाकटा

२७ मार्च

धाकट्या,

पाकीट फोडलं आणि आधी मजकूर वाचलाच नाही, नुसतं अक्षर पाहत बसले. शिरोरेघा अशा की दोरी ताणून मारल्यात. एकही वेलांटी डळमळली नाही. आईला दाखवायला हवं होतं असं वाटलं, आणि मग मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. हे तुला सांगायचं नव्हतं, पण लिहून गेले आता.

बिट्टीनं ते पत्र तिच्या टेबलावरच्या भिंतीला लावलंय. पातळ कागद ठेवून तुझा "ब" गिरवते. तिचं अक्षर म्हणजे चिखलात कोंबडी नाचलेली, ते सुधारेल तरी.

मीटिंगांची थट्टा वाचून हसले, नाही म्हणत नाही. पण तू काही जेवणाच्या पंगतीला नाही गेलास नावं ठेवायला. शुक्रवारी का उठलास ते मला समजलं. तुला समजलंय का?

लवकर निवड. आणि अक्षर असंच ठेव. बाकी तू काहीही लिही, मी ते बघूनच निश्चिंत होते.

ताई

१८ एप्रिल

प्रिय ताई,

उशीर झाला. काम फार होतं.

शनिवारची मीटिंग शाळेच्या हॉलमध्ये आहे. बिट्टीच्याच शाळेच्या. मी समोरच्या पायरीवर बसलो, बूट काढला, खडा झटकल्यासारखं केलं, परत घातला. असं दोनदा झाल्यावर शेजारी एक म्हातारा येऊन बसला. पूर्वी बस चालवायचा, सगळे त्याला ड्रायव्हरकाका म्हणतात. म्हणाला, "आत न जाण्याची ही कितवी मीटिंग तुझी?" असा राग आला! मग हसू आलं.

तो म्हणतो तुझ्या कागदावर नसलेली एक सहावी मीटिंग आहे. दर बुधवारी सकाळी सात वाजता, बस डेपोमागे टायर ठेवायच्या खोलीत. कामावर जायच्या आधी येणारी माणसं, सात-आठ जण. फलक नाही, भाषण नाही. बघतो जाऊन.

सेहेचाळीस दिवस झाले. बिट्टीचं गिरवणं चालू आहे का? तिला म्हणावं, माझा "ब" गिरवू नकोस, स्वतःचा काढ.

धाकटा

२५ एप्रिल

धाकट्या,

सेहेचाळीस! आता मोजायचं काम माझ्याकडे दे, मी कॅलेंडरवर खुणा करते.

टायरच्या खोलीत तर टायरच्या खोलीत. तुला गादीच्या खुर्च्या पण नकोत, रडणारी माणसं पण नकोत, तर तुझ्यासारख्या हट्टी माणसाला रबराचा वासच बरा. जा मात्र नक्की. बघतो जाऊन, बघतो जाऊन करत तू आयुष्यात काय काय बघायचं ठेवलंस याची यादी माझ्याकडे आहे.

बिट्टी म्हणते, स्वतःचा "ब" वाकडा येतो, बाबाचाच बरा.

ताई

२५ मे

ताई,

अक्षराकडे बघू नकोस. ही चौथी प्रत. तीन फाडल्या.

मीटिंग सापडली. बुधवारची. तीनदा गेलो, आत बसलो. टायरांच्या मधे बाकं आहेत. कुणी काही विचारत नाही. नव्या माणसाला चहा अर्धाच कप देतात. का ते मला पहिल्याच दिवशी कळलं. मी तिथं जन्मात पहिल्यांदा खरं बोललो. काका म्हणाला ताईलाही सांग. कागदावर नाही सांगता येत. समोर बसून सांगेन, ९ तारखेला. तोवर काही विचारू नकोस. एवढं ऐक.

पाटी राहिली. ब्रश धरवत नाही अजून. वाढदिवसाला रिकाम्या हातानं आलो तर चालेल का, बिट्टीला विचार.

धाकटा

३० मे

धाकट्या,

तुझं पत्र नऊ वेळा वाचलं. म्हणजे वाचण्याचा प्रयत्न केला. पहिलीतलं पोर पहिल्या आठवड्यात याहून बरं लिहितं. "सापडली" हा शब्द तर ओळ सोडून खाली घसरलाय. अक्षराकडे बघू नकोस म्हणे! मी दुसरं कशाकडे बघत होते रे तीन महिने?

एवढी चांगली पत्रं लिहीत होतास. अठ्ठावन्न झाले, साठ झाले म्हणून मी खुणा करत बसले, शेजाऱ्यांना सांगितलं, आमचा धाकटा सुटला. आणि ही तुझी मीटिंग! सकाळी सातला, फलक नाही, कुणी काही विचारत नाही, आणि चहा अर्धा कप. उरलेल्या अर्ध्यात काय घालता, ते काही लिहिलं नाहीस. टायरच्या खोलीत दारुडे जमतात आणि तू त्याला मीटिंग म्हणतोस.

मी तुला बोट धरून चालायला शिकवलं. मलाच मूर्ख समजलास याचं वाईट वाटतं, पिण्याचं आता वाटेनासं झालंय.

९ तारखेला येऊ नकोस. आलास तर दार उघडणार नाही. तिच्या शाळेचे कागद मी शुक्रवारी सही करून दिले. तिला सांगितलं की बाबाला काम आहे. तिनं विचारलं, "परत दमला का?" मी हो म्हणाले.

अशा बापापेक्षा बाप नसलेला परवडला.

ताई

४ जून

ति. ताई,

हे पत्र तुला आवडेल. बघ, शिरोरेघ एका दमात ओढली आहे. "सापडली" परत लिहून दाखवतो: सापडली. घसरला का कुठे?

तीन पेले झालेत. तिसऱ्याला हात हलायचा थांबतो. आमच्या धंद्यात हे सगळ्यांना माहीत आहे, माझ्या उस्तादानंच मला शिकवलं होतं, आधी घोट आणि मग ब्रश. तुला मात्र तीस वर्षांच्या मास्तरकीत हे कुणी सांगितलं नाही. पहिलीच्या पोरांचं हे दुखणं नसतं ना.

मार्चमधलं पत्र, ज्याच्यावर तू रडलीस, ते अर्धी बाटली पोटात घालून लिहिलंय. एप्रिलमधलं पण. सोळा दिवस, सेहेचाळीस दिवस, सगळं झूठ. मीटिंगांना गेलो, पण पिऊन गेलो, दारात उभं राहून गमती गोळा केल्या तुला लिहायला. हात कोरडा ठेवून लिहायला बसलो की तू घातलेली अट मोडायची. मग मी तुझी अट पाळण्यासाठी प्यायचो. याला हसू नकोस, खरं आहे.

६ मेला मी त्या खोलीत आत जाऊन बसलो. काकानं आधी दवाखान्यात नेलं, गोळ्या घेतल्या, कारण एकदम सोडलं तर माणूस मरतो म्हणे. त्यानंतर थेंब नाही. कप तोंडाशी नेताना चहा सांडतो म्हणून तिथे अर्धाच कप देतात. दुसरं काही नाही घालत त्यात. तुला पाठवलेलं ते घाणेरडं पत्र एकोणिसाव्या दिवशी लिहिलं होतं. माझ्या आयुष्यातलं तेवढं एकच कोरडं पत्र.

तुझं पत्र आलं तेव्हा सत्तावीस झाले होते. ते वाचलं. काल बुधवार होता, गेलो नाही.

मी आधीच सांगायला हवं होतं, हे मला कळतं. बिट्टीनं भिंतीवर लावलेलं पत्र खोटं आहे, असं कुठल्या तोंडानं सांगणार होतो?

अक्षर तपासून घे. दहापैकी किती?

धाकटा

१० जून

धाकट्या,

पत्र काल आलं, वाढदिवसाच्या दिवशी. बिट्टीनं पाकिटावरचं अक्षर बघून उडी मारली. मी ते तिला वाचू दिलं नाही.

फोन लावते आहे, बंद येतोय. बंद ठेव असं मीच तुला सांगितलं होतं.

माझ्याकडून अक्षम्य चूक झाली. मला वाटायचं मला वाचता येतं. सत्तावीस दिवस झालेल्या माणसाला मी काय लिहिलं ते मला पाठ आहे, कालपासून दुसरं काही सुचत नाही. शेवटचं वाक्य मी परत घेते, पण ते तू वाचलंस, आता परत घेऊन काय होणार.

बुधवारी जा रे. आज बुधवारच आहे, हे पत्र तुला मिळेपर्यंत पुढचा येईल. पुढच्याला जा. दोन ओळी लिही, कशाही, कुठल्याही हातानं. मी काही तपासणार नाही.

ताई

२४ जून

बाई,

तुम्ही मला ओळखत नाही. मी पूर्वी बस चालवायचो. तुमच्या भावानं तुम्हाला लिहू नका म्हणून सांगितलंय, तरी लिहितोय.

१२ तारखेला तो चपलांच्या दुकानाची पाटी लावत होता. पिऊन शिडीवर चढला होता. पाटी सुटली, तो खाली आणि पत्र्याची पाटी त्याच्या उजव्या हातावर. जीव वाचला. उजव्या हाताची तीन बोटं काढावी लागली, अंगठा आणि करंगळी आहे. पाटी सुंदर झाली होती असं मालक म्हणतात. ते रोज दवाखान्यात येऊन बसतात त्याच्यापाशी, गुरुवारच्या मीटिंगवाले आहेत.

तुमचं पत्र त्याच्या दाराच्या फटीत होतं, मी नेऊन दिलं. त्यानं वाचलं आणि उशीखाली ठेवलं.

एक सांगतो. माझ्या बायकोनं माझे हात हलताना पाहून मला घराबाहेर काढलं होतं, तेव्हा मला दारू सोडून अकरा दिवस झाले होते. ती काही वाईट नव्हती. घरच्यांना हे कळत नाही आणि आम्ही सांगत नाही. आता ती नाही, म्हणून तुम्हाला सांगितलं.

त्याला लिहीत राहा.

ड्रायव्हर

१५ जुलै

ताई

डाव्या हातानं लिहितोय. एका ओळीला पाच मिनिटं लागतात. म्हणून थोडकं.

तेहतीस दिवस. खरे. त्यातले दवाखान्यातले माझे नाहीत असं काका म्हणतो, तिथं मिळतच नव्हती. मग अठरा.

आज बुधवार. जाऊन आलो. आज पाऊण कप दिला.

आता माझ्या अक्षरावरून तुला काही कळणार नाही. हा हात प्यायल्यावर पण असाच आणि न पिता पण असाच. खात्री करायची असेल तर येऊन शेजारी बसावं लागेल. घरच्या माणसांना बसू देतात, मी विचारलं.

बिट्टीला आण. तिनं रस्ता ओलांडला तरी चालेल. लांबून बघेन.

धाकटा

१९ जुलै

धाकट्या,

पत्र मिळालं. अक्षराबद्दल काही लिहीत नाही.

बिट्टीला दिलं वाचायला. तिनं ते हातात धरून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "हे बाबानं नाही लिहिलं. तू कुणाकडून तरी लिहून आणलंस." मी सांगितलं, बाबाच्या हाताला लागलंय, आता तो असंच लिहिणार. तिनं भिंतीकडे बोट केलं. "बाबाचं अक्षर ते आहे." ते पत्र काढायला मी हात वर केला तर तिनं माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की वळ उठले. मी तसंच राहू दिलं. अक्षर बघून माणूस ओळखायचा, हे तिला मीच शिकवलंय.

ती येत नाही. मी ओढून आणणार नाही. तुला वाईट वाटेल, पण खोटं लिहून तुला बरं वाटू देणं आपण दोघांनी पुष्कळ केलं.

मी येते. बुधवारी पहाटेची पहिली गाडी पकडली की सातला डेपोवर पोचते. तुझ्या शेजारी बसेन आणि काही तपासणार नाही. नंतर तू मला सांग, तिला काय सांगायचं आणि किती दिवसांनी. शाळेचे कागद परत कसे फिरवायचे तेही विचारून ठेवलंय, पण ती पुढची गोष्ट आहे, तिच्यावर आत्ता आशा लावून बसू नकोस.

हे पत्र लिहिताना मी दोन प्रती फाडल्या. अक्षर रेघेवर राहत नाहीये. तुझ्या त्या काकांना सांगून ठेव, मलाही अर्धाच कप द्या म्हणावं.

ताई